अतिथिप्रिय

रविवार, रात्र

आज आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकपदाच्या दुसऱ्या उमेदवाराचा उपदेश झाला. दुपारपासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून झोपण्याआधी लिहून काढते.

आमचे पाळकसाहेब निवृत्त होऊन नऊ महिने झाले. तेव्हापासून दर रविवारी कोणीतरी पाहुणे पाळक येतात, उपासना चालवतात आणि जातात. उपासना अडत नाही, माणसं अडतात. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसणार, दोन घरांतला अबोला कोण सोडवणार? अशा कामांना पाहुणा पुरत नाही. ज्या मंडळ्यांवर बिशप असतात तिथे बहुतेक ठिकाणी नेमणूक वरून होते. आमच्या परंपरेत मंडळीनेच पाळकाला बोलवायचं असतं. निवड समिती अर्ज वाचते, मुलाखती घेते, आधीच्या मंडळीत चौकशी करते, एका रविवारी उपदेशाला बोलावते आणि मग सभासदांचं मतदान होतं. समितीत आम्ही सहा जण आहोत आणि आमच्या मातृभाषा चार.

पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने आपली सर्वांत मोठी अपेक्षा चिठ्ठीवर लिहिली. नावं नव्हती, तरी कोणती चिठ्ठी कोणाची ते लगेच कळलं. ‘आमच्या भाषेत प्रार्थना करू शकेल असा.’ शब्द थोडे इकडचे तिकडे, पण सहापैकी चार चिठ्ठ्यांवर हेच होतं. त्यातली एक माझी.

ती लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आई होती. शेवटचे दोन दिवस ती काहीच बोलली नव्हती. रात्री पाळकसाहेब आले, खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले आणि त्यांनी तेविसावं स्तोत्र मराठीतून हळूहळू म्हटलं. मराठी त्यांची मातृभाषा नव्हती, काही उच्चार अडखळत होते. ‘मृत्युच्छायेच्या दरीतून’ इथवर आले आणि आईचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, नुसते ओठ. त्यामुळे भाषेचा हट्ट धरणाऱ्याला मी संकुचित म्हणणार नाही. मरताना माणसाला आपली भाषा हवीच असते. पण बाकीच्या तिघांच्याही घरी अशी एखादी आई आहे, हे ती चिठ्ठी लिहिताना माझ्या मनात आलं नाही. ते आठवलं की अजून खुपतं.

त्या आठवड्यात बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा काढला. मंडळी नुकती कुठे उभी राहत होती, तोच ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकूर सुरू झाली, की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनी, ती कुरकूर दाबली नाही. सात माणसं निवडायला सांगितली, आणि निवडली गेलेली नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पर्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक वळणाची. ज्यांची तक्रार होती त्यांच्या बाजूच्या माणसांवर सगळ्यांच्या वाटणीचा भरवसा टाकला गेला असावा, असं मला वाटतं. तेराव्या अध्यायात अंत्युखिया शहरातल्या मंडळीचे पुढारी आहेत: कुप्र बेटावरचा बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, उत्तर आफ्रिकेतल्या कुरेनेचा लूक्य, हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन आणि तार्सचा शौल. इतक्या ठिकाणची माणसं एकत्र उपासना करत होती. ख्रिस्ती हे नाव शिष्यांना पहिल्यांदा मिळालं तेही त्याच अंत्युखियात.

आता आजचं. आमच्याकडे उपदेशाचं भाषांतर मागच्या बाकावरून होतं, ज्यांना लागेल ते कानाला हेडफोन लावतात. मागच्या महिन्यातले उमेदवार फार चांगलं बोलले, पण थांबलेच नाहीत. भाषांतर करणाऱ्या ताई आधी एक वाक्य मागे पडल्या, मग तीन. शेवटी त्यांनी नुसता सारांश सांगायला सुरुवात केली. माझ्या पुढच्या बाकावरच्या आजींनी हेडफोन काढला, नीट गुंडाळून मांडीवर ठेवला आणि उपदेश संपेपर्यंत समोरच्या क्रूसाकडे बघत बसल्या. त्यांनी तक्रार केली नाही. त्या तक्रार करत नाहीत, हेच मला जास्त लागलं.

आजचे उमेदवार दोन वाक्यं बोलायचे आणि मागे बघायचे. ताईंची मान हलली की पुढचं वाक्य. उपदेश लांबला, तरुणांमध्ये चुळबुळ झाली. चारपैकी दोनच भाषा त्यांना येतात, माझी येत नाही. पण उपासना संपल्यावर ते सरळ मागच्या बाकाकडे गेले आणि ताईंना विचारलं, “तुम्हाला स्वतःला उपदेश ऐकायला कधी मिळतो?”

ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “आठ वर्षं झाली.”

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. आठ वर्षं मी त्यांना ‘छान झालं हं भाषांतर’ म्हणत आले, हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही.

बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाचे जे गुण दिलेत त्यात ‘अतिथिप्रिय’ असा शब्द आहे. पाहुण्यांचं आगतस्वागत करणारा, एवढंच मी समजत होते. मूळ ग्रीक शब्द फोडला तर परक्यावर प्रेम करणारा असा अर्थ निघतो. मुलाखतीसाठी काढलेल्या आमच्या बावीस प्रश्नांत शिक्षण आहे, अनुभव आहे, हिशेब, युवक, बांधकाम सगळं आहे. या गुणाबद्दल एक ओळ नाही.

संध्याकाळच्या बैठकीत मी ते बोलले. दोघांना पटलं. समितीतल्या एका भावांनी रास्त शंका काढली, की एका दिवसाच्या वागण्यावरून माणूस कळत नाही. म्हणून त्यांच्या आधीच्या मंडळीत पुन्हा फोन करायचा आणि या वेळी फक्त मंडळीच्या वडीलजनांशी न बोलता तिथे अल्पसंख्य असलेल्या घरांशी बोलायचं, असं ठरलं. मतदान त्यानंतर.

पुढच्या रविवारी भाषांतराच्या मायक्रोफोनवर मी बसणार आहे. पाहुण्या पाळकांना उपदेशाचा मसुदा शनिवारीच पाठवायला सांगितलंय. ताईंना फोन करून कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं, “मग मी कुठे बसू?”