वाहन म्हैस

काळ्या लोकरीची म्हैस भर दुपारीच विणायला घ्यावी लागते. संध्याकाळी दिव्याखाली काळे टाके एकमेकांत असे मिसळून जातात की सुई कुठे घालायची ते बोटांनी चाचपावं लागतं. म्हणून परवा जेवणं उरकल्यावर गॅलरीच्या दाराशी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि बसले. बाहेर आभाळ भरून आलेलं, म्हणजे उजेडाची तिथेही बोंबच. आर्द्रा तोंडावर आलेल्या, पंचांगात वाहन म्हैस, आणि माझ्या म्हशीचं अजून नुसतं डोकंच झालेलं.

हे खूळ कधी शिरलं ते आठवत नाही. आमच्याकडे पंचांग सोलापूरचं, दात्यांचं. सासरे होते तेव्हापासून ते देवघराशेजारच्या खुंटीला असतं. दर पाडव्याला नवं चढतं, जुनं उतरतं, मधल्या काळात त्याला कुणी हात लावत नाही. मी लावते तो पावसाच्या नक्षत्रांपुरता. ७ जूनच्या आसपास सूर्य मृगात शिरतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. दरेकाचा मुक्काम १३-१४ दिवसांचा आणि दरेकाला एक वाहन. सूर्य नव्या नक्षत्रात जातो त्या घटकेला चंद्र कुठे आहे ते बघायचं, सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, येईल त्या आकड्याला ९ नं भागायचं. उरलेल्या बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस नाहीतर गाढव. बाकी शून्य राहिली की हत्ती.

ही यादी कुणी केली असेल? वाघ नाही, सिंह नाही, ज्याच्या मानेवर सगळी शेती तो बैलसुद्धा नाही. भर पावसात गाढवावर बसून कोण निघेल? पण गाढव आहे. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले की पाऊस दणकून, आणि कोल्हा निघाला की सासरे पंचांग मिटून नुसते 'हं' म्हणायचे. तर ह्या नऊ जणांपैकी ज्याची पाळी असेल तो माझ्या खिडकीच्या गजाला लटकतो. वरच्या मजल्यावरची पोरं शाळेतून येताना खालूनच ओरडतात, "आजी, आता कोण?" एरवी ह्या पोरांना नक्षत्र म्हणजे कुठल्यातरी मुलीचं नाव वाटतं.

विणणं सगळ्यांचं सारखंच सुरू होतं. दोऱ्याचं एक वेटोळं, त्यात ६ मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे आखूड टाके. दुसऱ्या फेरीला १२, तिसरीला १८, चौथीला २४. फेरी जोडायची नाही, शंखासारखं फिरतच राहायचं आणि फेरीचा पहिला टाका हरवू नये म्हणून त्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवायचा. वाढ दर फेरीला त्याच त्या जागी घेतली तर गोलाला सहा कोपरे फुटतात, म्हणून ती जरा सरकवत न्यावी लागते. वाढवणं थांबवलं की वाटी होते, टाके घटवायला लागलं की वाटी मिटते. मिटण्याआधी आत रेक्रॉन, म्हणजे उशीत घालतात तो कृत्रिम कापूस भरायचा. लोकरीच्या मानानं सुई बारीक घ्यायची, नाहीतर टाक्यांतून पांढरं पोट दिसतं. नाक येईपर्यंत उंदीर आणि हत्ती ह्यांच्यात काही फरक नसतो, हे मला फार आवडतं.

हा प्रकार जपानकडून आला, अमिगुरुमी म्हणतात त्याला. आमच्या आईच्या पिढीचा क्रोशा सपाट होता. रेडिओवर रुमाल, टीव्हीवर रुमाल, फोनवर रुमाल, पाण्याच्या तांब्यावर कडेला मणी लावलेला गोल रुमाल. घरातली कुठलीही वस्तू उघडी दिसली की आई तिच्या मापाची साखळी घालायला घ्यायची. प्राणी होते, पण तेही जाळीच्या चौकोनात: मोकळी घरं आणि भरलेली घरं मोजत मोजत दाराच्या तोरणावर समोरासमोर दोन मोर बसायचे, मध्ये 'सुस्वागतम'. आमच्या तोरणातल्या 'सु'चा उकार शेवटपर्यंत कुणाला वाचता आला नाही. मोरांना बाजू एकच. मागून बघितलं तर तेच मोर उलटे, बाकी काही नाही.

मोराचा पिसारा मी फुगवून करते. प्रत्येक टाक्यात दोन-दोन टाके घालत गेलं की विणकाम सपाट राहायचं नाकारतं, त्याला झालर सुटायला लागते. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात डाइना तायमिना ह्या गणिताच्या बाईंनी नेमकी ही झालर वापरून हायपरबोलिक, म्हणजे जागोजागी खोगिरासारखा वाकलेला पृष्ठभाग विणून दाखवला. तोवर तो कागदाचा करून दाखवताना मंडळी घायकुतीला येत होती. आई हे ऐकून म्हणाली असती, "एवढं शिकून शेवटी झालरच केली ना!"

बैल मात्र मी पंचांगाच्या यादीबाहेर जाऊन विणते. माझं लहानपण मिरजेचं, आणि आमच्याकडे पोळा नाही, बेंदूर. तोही आषाढात, म्हणजे मराठवाड्या-विदर्भातल्या पोळ्याच्या आधीच आमचे बैल जेवून मोकळे. कुंभाराकडून कच्च्या मातीची जोडी यायची. वशिंडावर हळदकुंकू, शिंगांना बेगड, गळ्यात दोऱ्याचा गोंडा आणि तोंडाला पुरणपोळीचा घास. मला त्या बैलांशी खेळायचं असायचं आणि आजी हात लावू द्यायची नाही. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी ती जोडी कौलांवर नेऊन ठेवायची. मग मी पावसात अंगणात उभी राहून मान वर करून बघायची. आधी शिंगं जायची. मग वशिंड. दोनेक मोठ्या सरींनंतर नुसती दोन ढेकळं उरायची आणि पन्हळीतून तांबूस पाणी गळायचं. आजी त्या पाण्याखाली बादली लावायची आणि ते पाणी कर्दळीला घालायची. बैल कर्दळीत गेले, असं ती सांगायची, त्यामुळे कर्दळीचं फूल तोडायला मी कितीतरी वर्षं घाबरत होते.

खरं म्हणजे आपल्याकडच्या सणांचे सगळेच प्राणी असे जाणारे. नागपंचमीला पाटावर गंधानं काढलेला नाग संध्याकाळी पुसला जातो. भोंडल्याचा पाटावरचा हत्ती, त्याच्याभोवती फेर धरून झाला की फडक्याच्या एका हातासरशी गायब. वसुबारसेची रांगोळीतली गाय-वासरं दुसऱ्या दिवशी केरसुणीखाली. गणपतीबरोबर त्याचा उंदीरही पाण्यात. माझे लोकरीचे मात्र जातच नाहीत. पाण्यात टाकले तर फुगून तरंगतील आणि ॲक्रिलिक असल्यामुळे माझ्या पतवंडांपर्यंत तरंगत राहतील. गेल्या काही वर्षांतले मूषक, बेडूक, वासरं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्यांसकट कोंबलेली आहेत. डांबरगोळी ॲक्रिलिकला कशाला, असं मुलगा विचारतो. असू दे, वास बरा वाटतो.

लोकर उसवता येते, हा त्यावर उपाय आहे आणि तो मला लहानपणीच कळला होता. आमच्या घरी स्वेटर कधी संपायचा नाही. माझा आखूड झाला की आई त्याचं टोक शोधायची, आणि एकदा ते सापडलं की बाही, मग पाठ, भराभरा उसवत यायची. मी तिच्यासमोर दोन्ही हात पसरून बसायची आणि ती माझ्या मनगटांभोवती लडी घालायची. कुरळी झालेली लोकर, तिला माझ्याच अंगाचा वास. हात खाली आले की आई डोळे वटारायची. नाकाला खाज सुटायची ती नेमकी तेव्हाच. मग लडी गरम पाण्यातून काढून खाली लोटी बांधून दांडीला टांगायची, म्हणजे ओझ्यानं ती सरळ व्हायची. हिवाळ्याच्या तोंडावर तीच लोकर दुसऱ्या रंगाचे पट्टे घेऊन भावाच्या अंगावर. भाऊ म्हणायचा, मला नवा का नाही? आई म्हणायची, नवाच आहे.

तेव्हा बेडूक उसवून मोर करायला काय हरकत आहे? काही नाही. हिरवी लोकर दोघांनाही लागते. पण बेडकाला डोळे असतात.

बाजारात प्लास्टिकचे डोळे मिळतात, मागून चकती दाबली की कायमचे बसतात. ते मला चालत नाहीत. ते तोंड मिटायच्या आत बसवावे लागतात, म्हणजे पोट भरायच्या आधी नजर. मी डोळे सगळ्यात शेवटी लावते, पोतीचे काळे मणी शिवून. (पोतीचे मणी उंदराला लावते म्हणून नणंदेनं एकदा नाक मुरडलं होतं. उंदराला शोभून दिसतात, मी काय करू?) पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करणाराचा मान वेगळा, मूर्ती घडवून, रंगवून झाल्यावर तो डोळे लिहितो. माझ्याकडे एवढं काही नाही. पण मणी लागले की मला त्या प्राण्याचं टोक शोधता येत नाही. डोळे लावायच्या आधी कितीही वेळा उसवीन, पाय तिरका गेला म्हणून, कान थोराड झाला म्हणून. एकदा त्यानं बघितलं की संपलं, गेला पेटीत.

पेटीतून सुटका झाली ती एका गाढवाची. ऑफिसातली माझी एक मैत्रीण वसईची. तिच्याकडे नाताळात गोठा करतात, पेंढा, खरं गवत, बाळ येशू, मेंढ्या, गाय सगळं. आमच्याकडे आली असताना तिनं खिडकीतलं गाढव बघितलं आणि म्हणाली, "हे मला देशील का? आमच्या गाढवाचा कान मोडलाय." उत्तरा नक्षत्राला आमच्या खिडकीत लटकून झालेलं गाढव डिसेंबरात वसईला गेलं. तिनं फोटो पाठवला. पेंढ्यात बसलेलं होतं, जणू तिथलंच. आमच्यात त्याला कुणी विचारत नाही, तिथे अगदी बाळाच्या उशाशी जागा. तेव्हापासून ती मेंढ्याही मागते आणि मी पंचांगात मेंढा निघायची वाट न बघता देते.

हत्तीची गोष्ट राहिली. हस्त नक्षत्र आणि वाहन हत्ती, असा योग एका वर्षी आला होता. मी भलतीच खुशीत होते. सोंड विणत बसले होते, बारीक होत जाणारी, शेवटी वर वळवायची म्हणून एका बाजूला टाके घटवत. तेवढ्यात जतहून मामेभावाचा फोन. आजोळची जमीन तो करतो. कोरडवाहू रान, शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी घ्यायची ती ह्या दिवसांतल्या ओलीवर. त्या वर्षी श्रावण-भाद्रपद दोन्ही कोरडे गेले होते. पोरांची शाळा, मामीचे गुडघे, सगळी चौकशी झाल्यावर तो म्हणाला,

"आक्का, तुझ्याकडं पंचांग असतंय न्हवं? हस्ताला वाहन काय हाय?"

"हत्ती," मी म्हटलं. "आणि हत्तीच विणत बसलेय बघ." मी हसले.

तो हसला नाही. थोडं थांबून म्हणाला, "मग पेरून घ्यावं का?"

बियाणं घरात येऊन पडलं होतं. ओल वीतभरसुद्धा खाली गेली नव्हती. पेरलं आणि वर आलं नाही तर दुसऱ्यांदा बियाणं विकत घ्यायला पैसे नव्हते, आणि थांबलं तर हंगाम निघून जाणार. हे त्यानं सांगितलं नाही, मला माहीत होतं. मी सोंड बाजूला ठेवली, मोबाइलवर हवामान खात्याचा अंदाज उघडला आणि त्याला वाचून दाखवायला लागले. मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरी.

"ते सकाळीच वाचलंय गं," तो म्हणाला. "म्हणून तर तुला इचारतोय."