मोरागा रस्त्यावरचा जिना

सॅन फ्रान्सिस्कोला आलेला माणूस आधी गोल्डन गेट पुलाकडे धावतो. माझी भाची मात्र मला थेट सनसेट भागात घेऊन गेली. एकेकाळच्या वाळूच्या टेकड्यांवर वसलेली ही साधी राहती वस्ती. एन-जुडा ट्राममधून उतरलं की रस्ते इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने लागतात: जुडा, कर्कहॅम, लॉटन, मोरागा. मोरागावर सोळाव्या अ‍ॅव्हेन्यूपाशी १६३ पायऱ्यांचा जिना टेकडीवर चढतो.

पूर्वी तो नुसता सिमेंटचा होता. ब्राझीलमधल्या रिओ शहरात सेलारोन या कलाकाराने रंगीत फरशांनी सजवलेल्या जिन्यावरून प्रेरणा घेऊन इथल्याच दोघी रहिवासी बायकांनी २००३ मध्ये तो सजवायचं मनावर घेतलं. आराखडा आयलीन बार आणि कोलेट क्रचर या कलाकारांचा, पण नक्षीसाठी फरशीचे तुकडे बसवायला शेकडो शेजारी आले. काम २००५ मध्ये पुरं झालं.

तळाच्या पायऱ्यांवर समुद्र, मग पानं-फुलं, पुढे चांदण्या, आणि माथ्यावर सूर्य. मी खाली बसून एका माशावरून बोट फिरवलं. भाजलेल्या मातीचा गुळगुळीत मासा, अंगावर कुणाच्या तरी घराण्याचं नाव कोरलेलं, भोवती फरशीचे आणि आरशाचे बारीक तुकडे. अशी नावं माशांवर, शिंपल्यांवर, पानांवर सगळीकडे आहेत. वर्गणी दिलेल्यांची नावं आपल्याकडे संगमरवरी पाटीवर एकाखाली एक लागतात. इथे ती शोधत शोधत वर जावं लागतं, हे मला फार आवडलं.

नक्षी फक्त पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर आहे. त्यामुळे वर पोचून मागे वळलं की रंग गायब, नुसतं सिमेंट, आणि समोर प्रशांत महासागर.

आपल्याकडेही भिंती हौसेने रंगवल्या जातात, पण दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात आणि तिकडे कुणी फिरकत नाही. इथे जिन्याकडेची बाग स्वयंसेवक अजून राखतात. उतरताना कर्कहॅम आणि लॉटनच्या मध्ये अशाच नक्षीचा आणखी एक जिना लागला, २०१३ सालचा, त्याच दोघी कलाकारांचा. पहिला बघूनच लोकांना हुरूप आला असणार.

जाणार असाल तर दुपारनंतर जा. जिन्याचं तोंड पश्चिमेला आहे, उतरतं ऊन थेट नक्षीवर पडतं. उन्हाळ्यातही धुकं येतं, स्वेटर हवाच. आणि दोन्ही बाजूंना लोकांची घरं आहेत, तेव्हा आवाज जरा बेताने.