बोल्टमध्ये थिजलेलं खोबरेल

थंडीतली सकाळ, रायफल क्लबमधली सराव स्पर्धा, पन्नास मीटर प्रोन, म्हणजे पोटावर झोपून नेम. मी चटईवर आडवी झाले, पट्टा आवळला, श्वास सोडला आणि चाप दाबला. टक्. बस, एवढंच. नळी टार्गेटकडे तशीच धरून अर्धा मिनिट थांबले, कारण काडतूस कधीकधी उशिरा पेटतं आणि नेमका तेव्हा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, उघडा असणं कोणालाच परवडत नाही. मग उघडला. काडतुसाच्या काठावर फायरिंग पिनची, म्हणजे बोल्टमधून पुढे येऊन काडतुसाला ठोका देणाऱ्या सळईची, खूण होती, पण नखाने ओरखडल्यासारखी पुसट. दुसरं काडतूस भरलं: टक्. तिसरं: टक्.

सर मागे येऊन उभे राहिले.

"काल काय केलंस हिला?"

"काही नाही सर, तेलपाणी केलं."

"कसलं तेल?"

"घरात होतं ते."

"अगं, म्हणजे कसलं?"

"खोबरेल."

सर हसले नाहीत, त्यामुळे मला जास्त मेल्यासारखं झालं. त्यांनी बोल्ट काढायला लावला, रुमालात गुंडाळून माझ्याच जॅकेटच्या आत काखेत धरायला सांगितला आणि शेजारच्या लेनकडे निघून गेले. दहा मिनिटं मी ताप मोजत असल्यासारखी बसून राहिले. बोल्ट परत बसवला, नवं काडतूस भरलं, चाप दाबला आणि ते वाजलं.

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. थंडीत बाटली कोमट पाण्यात उभी करण्यात माझं बालपण गेलंय. पण बाटलीत थिजणारं तेल बोल्टमध्येही थिजणारच, एवढं डोकं त्या रात्री चाललं नाही. फायरिंग पिनला पुढे जायला जेमतेम काही मिलिमीटर जागा असते आणि सगळं काम तेवढ्या अंतरात मिळालेल्या वेगावर चालतं. आमच्या पॉइंट टू टू (०.२२ इंची) काडतुसात पेट घेणारं मिश्रण बुडाच्या काठातल्या पोकळीत भरलेलं असतं. तो काठ पुरेशा जोरात चेचला गेला तरच ठिणगी. माझी पिन मेणातून वाट काढत होती. खरं तर पिनच्या त्या बोगद्याला तेल जवळजवळ नकोच असतं. तेलाचं बोट पुसून जो ओशटपणा उरतो, तेवढा बास. तिथे चांगलं महागडं तेल ओतलं तरी धूळ आणि दारूची काजळी त्यात कालवून काही महिन्यांत तोच उद्योग होतो.

त्या फजितीला बरीच वर्षं झाली. आता क्लबच्या रायफलींची देखभाल माझ्याकडे आहे आणि दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, घरात अमुक तेल आहे, चालेल का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आज चालेल. निसरडं काहीही आज चालतं, साबणसुद्धा. सहा महिन्यांनी त्याचं काय झालेलं असेल ते सांग, मग ठरवू.

हे नुसतं बोलून कोणाला पटत नाही, म्हणून मी एकदा एक पोलादी पट्टी घेतली, ॲसिटोनने पुसून स्वच्छ केली, खडूने रकाने पाडले आणि प्रत्येक रकान्यात एकेका तेलाचा थेंब बोटाने पसरवला. पट्टी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली. जवसाच्या तेलावर आठवड्याभरात साय धरली, पुढे ते इतकं कडक झालं की नखाला दाद देईना. सूर्यफुलाच्या तेलाचा दोन महिन्यांत डिंक झाला आणि त्यात एक डास कायमचा वस्तीला आला. शेंगदाण्याचं तेल त्याच वाटेने, जरा सावकाश. खोबरेल मात्र चिकट झालं नाही. गरम दिवशी पातळ, गार रात्री पांढरं, असं त्याचं आपलं चालू होतं. पण त्या रकान्यात मी एक पितळी स्क्रू ठेवला होता, त्याच्याभोवती हिरवी कड उमटली आणि वास खवट झाला.

यात गूढ काही नाही. वनस्पती तेलांच्या रेणूंमध्ये जे दुहेरी बंध असतात तिथे हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाची हळूहळू लाख होते. हे बंध किती, ते आयोडीन व्हॅल्यूवरून कळतं. खोबरेलाची आठ-दहाच्या आसपास असते, जवसाच्या तेलाची पावणेदोनशेच्या वर. म्हणून चित्रकार रंग जवसाच्या तेलात घोटतात, कारण त्यांना ते वाळायलाच हवं असतं. खोबरेल वाळत नाही, पण दमट हवेत त्यातून आम्लं सुटी होतात आणि तांब्या-पितळेला हिरवट कळा येते. एरंडेल या सगळ्यांत जाड आणि चिवट. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनं त्याच्यावर चालायची, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. पण ते इंजिनात सतत नवं येत होतं आणि जुनं बाहेर फेकलं जात होतं. कपाटात सहा महिने उभ्या असलेल्या रायफलीचं तसं नसतं, तिच्यात जे लावलं तेच बसून राहतं.

जुने लोक काय वापरत होते, असा एक प्रश्न हमखास येतो. त्यांच्याकडे स्पर्म व्हेलचं तेल होतं. नावात तेल असलं तरी रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते बरंचसं पातळ मेण आहे, म्हणून ते डिंकासारखं चिकटत नसे आणि घड्याळांपासून बंदुकांपर्यंत सगळीकडे चालायचं. त्यासाठी देवमासे मारावे लागत, हा भाग वेगळा. ब्रिटिश फौजेत रायफलींना 'रंगून ऑइल' लावत. ते ब्रह्मदेशातल्या विहिरींमधलं, म्हणजे खनिज तेल. त्याच फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलीच्या दस्त्यात एक छोटी झाकणाची जागा असते, तिच्यात पितळी तेलबाटली आणि नळीतून ओढायची वजनदार दोरी बसायची. मी एकदा तशी बाटली हाताळली आहे. टोपणाला आतून एक चपटी दांडी जोडलेली असते, तिच्या टोकाला राहील तेवढंच तेल बाहेर येतं. किती तेल लावायचं ते त्या दांडीनेच ठरवून टाकलेलं आहे.

तर घरातली खनिज तेलं. पहिला मान शिलाई मशीनच्या तेलाचा. पातळ, स्वच्छ, चिकटत नाही. माझ्या पट्टीवर ते अखेरपर्यंत तेलच राहिलं, पण रकान्याच्या कडेला पावसाळ्यात गंजाचे लाल ठिपके आले. ते सरकवायचं काम उत्तम करतं, गंज अडवायला मात्र त्यात फारसं काही घातलेलं नसतं. महिन्यातून दोनदा हात फिरणाऱ्या रायफलीला मी ते बिनदिक्कत लावते. गाडीचं इंजिन ऑइल त्याहून चिवट. गंजरोधक आणि झीज कमी करणारी द्रव्यं त्यात आधीच असतात, म्हणून बोल्टच्या लग्जवर (बोल्ट बंद झाल्यावर त्याला अडकवून धरणाऱ्या दातांवर) आणि सरकणाऱ्या खाचांमध्ये त्याचा एक थेंब छान काम देतो. मात्र डब्यातलं नवं. गाडीतून काढलेलं काळं तेल आणून "फुकट आहे ना" म्हणणाऱ्याला मी हाकलून देते. त्यात धातूचा चुरा असतो, जळण्यातून आलेली आम्लं असतात, शिवाय ते कातडीला लावायच्या लायकीचं नसतं.

डब्ल्यूडी-फोर्टी हे घरोघरी असतं. त्याच्या नावातच त्याचं काम आहे: वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं, चाळिसावा प्रयत्न. १९५३ साली सॅन डिएगोत ते तयार झालं आणि ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरलं गेलं. पावसात भिजलेल्या रायफलीवर फवारायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण त्यातला मोठा भाग उडून जाणारा द्रावक आहे, मागे राहतो तो पातळ थर. म्हणून पाणी काढून झालं की पुसायचं आणि मग वंगणाचं तेल लावायचं. रॉकेलचंही तसंच, किटण झकास सोडवतं आणि जाताना उरलंसुरलं तेलही घेऊन जातं. रॉकेलने धुऊन तशीच ठेवलेली रायफल म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं.

व्हॅसलिनबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. पट्टीवरचा त्याचा रकाना खालून आरशासारखा निघाला. वर्षभर कपाटात जाणाऱ्या रायफलीच्या बाहेरच्या पोलादाला पातळ हात द्यायला मला ते आवडतं. सैन्यं दीर्घ मुदतीच्या साठवणुकीसाठी कॉस्मोलिन लावत, तेही याच घराण्यातलं. अडचण दोनच. नळी तापली की ते वितळून ओघळतं आणि थंडीत आत कुठे राहिलं तर घट्ट होऊन बसतं. सायकलीच्या बेअरिंगचं लिथियम ग्रीस लग्जच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं, त्याहून जास्त नको. ट्रिगरच्या यंत्रणेत ग्रीस भरणाऱ्यांनी पुढचं काम माझ्याकडे आणू नये.

नळीत आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, तेल राहिलं तर प्रकरण वेगळ्या वाटेने जातं. वाजताना काडतुसाचं पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला धरतं आणि दाबाचा काही भाग भिंत पेलते. भिंतीला तेल असलं की पितळ निसटतं आणि धक्का सगळा बोल्टवर येतो. म्हणून साठवणीचं तेल शॉट मारायच्या आधी कोरड्या चिंधीने काढायचं. एकदा नव्हे, चिंधी कोरडी येईपर्यंत. तरीही पहिली एक-दोन छिद्रं बाकीच्यांपासून फटकून पडतात, त्यांना साइटरमध्ये, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या शॉटमध्ये, जाऊ द्यायचं.

एअर रायफलवाल्यांनी वरचं सगळं विसरावं. स्प्रिंगच्या एअर रायफलीत पिस्टन हवा इतक्या झपाट्याने दाबतो की ती तापून लाल होण्याच्या गोष्टी करते, आणि तिथे तेल असेल तर ते डिझेल इंजिनात पेटतं तसं पेटतं. क्लबमधल्या एका मुलाने "कोरडी वाटली" म्हणून हवेच्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. पुढचा शॉट फटाक्यासारखा कडाडला, नळीच्या तोंडातून निळसर धूर निघाला आणि जळकट वास आला. त्याला आधी मजा वाटली. उघडून पाहिलं तर पिस्टनचं सील कडेने करपलं होतं. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलीत २०० बारच्या आसपासची हवा असते. तिच्या व्हॉल्व्हपाशी किंवा भरायच्या पंपात खनिज तेल गेलं तर सील करपण्यावर भागेलच असं नाही. तिथे ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जाणवेल न जाणवेल इतकं. आणि तेच सिलिकॉन स्प्रिंगला लावू नका. धातूवर धातू घासतो तिथे ते टिकत नाही.

एका जागी मात्र घरगुती तेल-मेण खनिज तेलावर मात करतं, ती म्हणजे काळ्या दारूची तोंडाकडून भरायची बंदूक. काळ्या दारूची राख खनिज तेलात मिसळली की डांबरासारखी बसते. मधमाशांचं मेण आणि वनस्पती तेल किंवा चरबी यांच्या मिश्रणात ती मऊ राहते आणि साबणपाण्याने निघते. १८५७ च्या काडतुसांचा वाद याच मिश्रणावरून होता. त्या जानेवारीतच शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं अशी मुभा निघाली होती, पण तोवर विश्वास उडाला होता.

आणि जवसाचं तेल? पट्टीवर सगळ्यांत आधी वाळलेलं हेच तेल, आणि माझ्या कपाटात सगळ्यांत मोठी बाटली त्याचीच आहे. पोलादापासून दूर, लाकडी दस्त्यासाठी. तिथे ते वाळतं हाच त्याचा गुण. दस्ता काढून घ्यायचा, तळहाताला चार थेंब, लाकूड कोमट होईपर्यंत चोळायचं, जास्तीचं पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या-पाचव्या हाताला लाकडाच्या रेषा वर येतात. रायफल नंतर कपाटात नळीचं तोंड खाली करून उभी करते, म्हणजे बोल्टकडचं तेल ओघळून दस्त्यात मुरत नाही. खनिज तेल मुरलेलं लाकूड काळं पडतं, मऊ होतं आणि मग स्क्रू धरत नाहीत.

ज्या चिंध्यांनी जवसाचं तेल पुसलं त्या चुरगळून डब्यात टाकायच्या नाहीत. वाळताना तेल उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपसूक पेटते. मी त्या अंगणातल्या दोरीवर एकेरी वाळत घालते आणि पुठ्ठ्यासारख्या कडक झाल्या की मगच टाकते.