पुन्हा व्हिएन्नात, या वेळी पाण्याच्या मागावर

व्हिएन्नातल्या जुन्या कॉफीहाऊसमध्ये कॉफी मागवली की पाणी न मागता येतं. धातूचा छोटा चकचकीत ट्रे, त्यात कप, शेजारी पाण्याचा भरलेला ग्लास आणि ग्लासावर आडवा ठेवलेला चमचा. मी पेपर वाचत रेंगाळले होते, तेवढ्यात काळ्या कोटातल्या वेटरने रिकामा ग्लास उचलून दुसरा भरलेला आणून ठेवला. मी राहते जर्मनीत. तिथे हॉटेलात नळाचं साधं पाणी मागितलं की बऱ्याचदा समोरच्याचा चेहराच बदलतो. बाटली घ्या, म्हणतात, आणि ती बाटली बहुधा बुडबुडेवाली असते. इतकी वर्षं काढूनही मला याची सवय झालेली नाही आणि करून घ्यायचीही नाही. दारात आलेल्याला आधी पाणी विचारायचं, हे अंगात मुरलेलं असताना प्रत्येक घोटाचं बिल बघणं मला मनापासून टोचतं.

त्यामुळे त्या ग्लासाने मी भारावले, आणि बाकीची सुट्टी त्याच्याच मागावर गेली.

आधीच्या खेपेला शोनब्रुन राजवाडा, स्टेफान्सडोम, प्राटरचा आकाशपाळणा असं सगळं रीतसर बघून झालं होतं. या वेळी ओटाक्रिंग भागातल्या एका जुन्या इमारतीत खोली घेतली. सकाळी ब्रुनेनमार्क्टच्या लांबलचक बाजारातून भाजी आणायची, मिळेल ती ट्राम पकडायची, दुपारी आल्टे डोनाउच्या, म्हणजे डॅन्यूबच्या जुन्या पात्राच्या, काठावर पाय सोडून बसायचं. बघण्याची यादी नसली की जिना आणि दारंखिडक्याही नीट दिसायला लागतात.

जिन्यातच मला बासेना दिसली. भिंतीत बसवलेली बिडाची छोटी मोरी, कडेला नक्षी, वर पितळी नळ. रंगाचे इतके थर बसलेत की नक्षीची पानं बोथट झाली आहेत. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी मजल्यावरची सगळी घरं याच नळावर पाणी भरायची आणि कोणाच्या घरात काय चाललंय ते इथेच कळायचं. थेट आपल्या चाळीतला नळच! ऑस्ट्रियाच्या साम्राज्याच्या राजधानीतही कामगारांची कुटुंबं अशीच दाटीवाटीने राहत होती, हे राजवाडे बघताना कोणी सांगत नाही. आपल्या चाळींकडे बघून नाकं मुरडणाऱ्या इथल्या ओळखीच्या लोकांना मी आता हा जिना दाखवणार आहे.

त्या नळाला येणारं पाणी आल्प्समधलं. पूर्वी डोंगरातल्या कायझरब्रुन झऱ्याचं पाणी घोडेस्वार दरबारासाठी घेऊन यायचे. बाकी शहर बहुतेक विहिरींवर, आणि विहिरींत सांडपाणी झिरपायचं. टायफॉइड आणि कॉलरा पाचवीला पुजलेले. एडुआर्ड झ्यूस नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने 1862 मध्ये शहराखालच्या जमिनीवर पुस्तक लिहिलं, मग नगरपालिकेत निवडून जाऊन डोंगरातून पाणी आणायची योजना लावून धरली. 1873 साली व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन भरलं आणि त्याच उन्हाळ्यात कॉलराने माणसं मेली. 24 ऑक्टोबरला श्वार्झेनबर्गप्लात्झवरचं उंच कारंजं सुरू झालं आणि पहिल्या जलवाहिनीतून आल्प्सचं पाणी शहरात आलं. दरबाराचं पाणी जिन्यातल्या नळाला आलं. या शहरातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही.

हाच तो झ्यूस, ज्याने भारत, आफ्रिका वगैरे भूभाग प्राचीन काळी एकसंध होते असं मांडलं आणि त्या भूमीला आपल्या गोंडांच्या मुलखावरून गोंडवनालँड म्हटलं. व्हिएन्नाला पाणी पाजणाऱ्या माणसाच्या तोंडी आपल्या मातीचं नाव होतं! त्या दिवशी कारंज्यासमोर मी बराच वेळ उभी होते.

दुसरी जलवाहिनी 1910 ची, सुमारे 180 किलोमीटरची. तिचं पाणी शहरात पोचायला 36 तास घेतं आणि ते येतं निव्वळ उतारावरून, पंपाशिवाय. चुनखडीच्या डोंगरात वर पडलेली घाण भराभर खाली उतरते, म्हणून झऱ्यांभोवतालची जंगलं शहराने स्वतःच्या मालकीची करून घेतली आहेत. तिथे लाकडापेक्षा पाण्याची काळजी आधी. याबद्दल मात्र मान खाली घालावी लागते, कारण आपल्या धरणांभोवतालचे डोंगर आपण कसे बोडके केले ते सगळ्यांना माहीत आहे.

तरी एक गोष्ट बोलायलाच हवी. तानसा धरणाचं पाणी मुंबईला 1892 मध्ये आलं, म्हणजे आपण फार मागे नव्हतो. 1910 च्या सुमारास व्हिएन्नाची लोकसंख्या वीस लाखांवर होती. साम्राज्य गेलं, शहर आटलं, आणि आता कुठे पुन्हा वीस लाखांवर आलंय. मुंबई 1911 ला दहा लाखांच्या आतबाहेर होती, 2011 ला सव्वा कोटीच्या घरात. ज्या शहराला शंभर वर्षांनीही आजोबांच्या मापाचा अंगरखा बसतो, त्याने वाढत्या शहराला शहाणपण शिकवू नये. हे मी इथल्या मित्रमंडळींना जरा चढ्या आवाजातच ऐकवलं. टँकरच्या रांगा मात्र नुसत्या लोकसंख्येमुळे लागत नाहीत, हेही मला ठाऊक आहे.

शेवटच्या दिवशी 60 नंबरच्या ट्रामने माउअर भागात गेले. तिथे घरांच्या मधूनच पहिल्या जलवाहिनीच्या उंच कमानी जातात. खाली लोक कुत्री फिरवत होते, एक मुलगा कमानीवर चेंडू आपटत होता. कायझरब्रुनला जलवाहिनीचं संग्रहालय आहे आणि तिथून जलवाहिनीच्या कडेने पायवाट जाते. पुढच्या खेपेला शहरात कमी आणि त्या वाटेवर जास्त राहायचं ठरवलंय. कोणी येणार असाल तर कळवा, उन्हाळ्यातच जमेल.