संशय स्वस्तापासून

जानेवारीतली रात्र. अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाबाहेरच्या माळावर मोटरहोमांची, म्हणजे चाकांवरच्या राहत्या घरांची, वस्ती पसरलेली. इथे नळजोड नाही, वीजजोड नाही. जे काय आहे ते गाडीच्या टाक्यांत आणि बॅटऱ्यांत. दुपारी उन्हाला पाठ देऊन बसलेली मंडळी रात्री दोनला रजईत आक्रसलेली असतात. एका गाडीत फर्नेस, म्हणजे गॅसचा हीटर, सुरू होतो. पंखा घुमतो, गार हवा फेकतो, थांबतो. पुन्हा घुमतो, पुन्हा थांबतो. ज्योत काही पेटत नाही. रजईतल्या माणसाची आकडेमोड मात्र पेटलेली असते: कंट्रोल बोर्ड गेला असणार, तो मागवायचा कुठून, बसवणार कोण, आणि तोवर झोपायचं कुठे?

बोर्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतो. थर्मोस्टॅटने हुकूम दिला की फर्नेस आधी पंखा लावतो. पंख्याच्या वाऱ्याने पत्र्याची एक इवलीशी पाकळी ढकलली जाते. तिला सेल स्विच म्हणतात. शिडासारखी वाऱ्यावर हलणारी म्हणून. ती नीट ढकलली गेली की फर्नेसला पटतं की हवा खेळती आहे. मग पंधराएक सेकंद आतली जुनी हवा बाहेर काढून तो गॅसची झडप उघडतो आणि ठिणगी टाकतो. आता बॅटरी उतरून साडेदहा-अकरा व्होल्टवर आली असेल, तर पंखा फिरताना दिसतो पण त्याच्या वाऱ्यात जोर नसतो. पाकळी अर्धवट हलते, झडप बंदच राहते. बॅटरी भरलेली असेल, तर त्या पाकळीवर कुत्र्याचे केस आणि गाद्यांची लव चिकटली आहे का ते बघायचं. म्हणजे उपाय एक तर तासभर जनरेटर, नाही तर जुना दातांचा ब्रश.

कायम गाडीतच राहणाऱ्यांनी दुरुस्तीचं बाकी काही शिकलं नाही तरी चालेल, पण संशयाचा क्रम शिकावा. आधी व्होल्ट, मग फ्यूज, मग अर्थिंगचा सांधा (ऋण तार गाडीच्या सांगाड्याला जिथे बोल्टने जोडलेली असते तो), मग टाकीत गॅस आहे का, आणि बोर्ड सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटे जातात, कारण बोर्ड दुकानात विकत मिळतो, घट्ट केलेला नट मिळत नाही.

आता व्होल्ट म्हणजे नेमके किती? साधी शिसे-आम्लाची बॅटरी तासभर निवांत ठेवून मोजली आणि १२.६ ते १२.७ दिसले, तर ती भरलेली आहे. १२.१ म्हणजे निम्मी संपली. तिला याखाली वारंवार नेलं की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. लिथियम बॅटरी याबाबतीत अगदी मख्ख. जवळजवळ रिकामी होईपर्यंत ती १३ च्या आसपासच दाखवते, म्हणून तिला नुसता व्होल्टमीटर पुरत नाही, आत-बाहेर गेलेल्या करंटचा हिशोब ठेवणारा शंट लागतो. आणि ती शून्य अंशाखाली गारठली असेल तर चार्ज करायची नाही, कायमची खराब होते.

अर्थिंगच्या सांध्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण दिवे मंदावणं, पंप अडखळणं, जॅक अर्ध्यावर थांबणं अशी एकमेकांशी संबंध नसलेली दिसणारी दुखणी अनेकदा त्या एका गंजलेल्या बोल्टापाशी येऊन मिळतात. परीक्षा सोपी आहे. तक्रार करणारं उपकरण चालू ठेवायचं, मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी त्या उपकरणाच्या अर्थिंगवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, की मधला सांधा कुजलेला आहे असं समजायचं. बॅटरीची जोडणी सोडवून तो बोल्ट काढा, पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वायसर घालून आवळा, वरून ग्रीस. हे करायला विसाव्या मैलावरचा मेकॅनिक लागत नाही, मात्र गाडीखाली आडवं व्हावं लागतं. तिथेही एक पथ्य: गाडी नुसत्या लेव्हलिंग जॅकवर उचललेली असताना खाली कधीही शिरायचं नाही. ते जॅक घर सपाट करण्यासाठी असतात, घर डोक्यावर तोलून धरण्यासाठी नाही.

एवढी दुखणी येतात तरी का? अमेरिकेतली बहुतेक मोटरहोम इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात जुळवली जातात. बांधली जातात म्हणण्यापेक्षा जुळवली जातात हेच खरं. सांगाडा आणि इंजिन एकाचं, फ्रीज दुसऱ्याचा, फर्नेस तिसऱ्याचा, सरकत्या खोलीच्या मोटरी चौथ्याच्या. वऱ्हाड एका गावचं आणि वाजंत्री दुसऱ्या गावचे. काही बिनसलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून गाडी घेतल्या दिवशीच प्रत्येक उपकरणावरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवावा. मॉडेल आणि सिरियल नंबर हाताशी असला की सुटा भाग विचारताना अर्धं भांडण वाचतं. त्यातून हे घर रोज रस्त्यावर हादरतं. स्क्रू सैल होतात, पाण्याच्या जोडाला पीळ बसतो, प्लगच्या पिना ढिल्या पडतात. हे स्क्रूही बहुधा चौकोनी खाचेचे. नेहमीचा चौफुली पेचकस तिथे घसरतो आणि खाच भुगा करून ठेवतो. दोन नंबरचा चौकोनी बिट नसेल तर बाकीची पेटी शोभेची.

पाण्याकडे या. गाडीतला पंप १२ व्होल्टचा. नळ उघडला की दाब पडतो आणि तो आपोआप सुरू होतो. नळ बंद असताना दर दहा-पंधरा मिनिटांनी तो अर्धा सेकंद गुरगुरला, तर कुठून तरी दाब निसटतोय. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून रात्र काढा. सकाळी ओला कागद जागा सांगतो. सगळे कागद कोरडेच निघाले, तर पंपाच्या आतली एकमार्गी झडप पाणी उलट टाकीत सोडते आहे. कॅम्पग्राउंडच्या, म्हणजे मुक्कामाच्या तळावरच्या, नळाला गाडी जोडली आणि आपली टाकी आपोआप भरू लागली, तर खात्रीच. त्या बाहेरच्या नळाला दाब आवरणारा रेग्युलेटर लावल्याशिवाय पाइप जोडू नये. गाडीचे जोड साधारण ४० ते ६० पौंडांच्या दाबाला खूश असतात. काही कॅम्पग्राउंडचं पाणी याच्या दुपटीने येतं, आणि फुटलेला जोड भिंतीच्या आत असेल तर कळेपर्यंत जमीन फुगलेली असते.

गरम पाणी कोमट येतं, ही तक्रार तर संशयाच्या क्रमाची जणू परीक्षाच. लोक थेट हीटरच्या रॉडवर घसरतात. आधी गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेला छोटा शॉवर बघावा. कुणी तरी पाय धुऊन हातातल्या शॉवरचं बटण बंद केलेलं असतं, पण मागचे दोन्ही नळ उघडेच. तिथे गार आणि गरम पाणी एकमेकांत मिसळत राहतं आणि आतल्या प्रत्येक नळाला कोमट येतं. ते नसेल तर हिवाळ्यासाठी फिरवलेल्या, पाणी हीटरला वळसा घालून नेणाऱ्या बायपासच्या झडपा पुन्हा जागेवर आणायच्या राहिल्यात का ते बघावं. मग हीटर. त्याची टाकी पोलादी असेल तर आत मॅग्नेशियमचा बळीचा दांडा असतो; पाण्यातला गंज टाकीऐवजी त्याला खातो. तो तीन चतुर्थांश झिजला की बदलायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला असा दांडा नसतो, तिथे नुसतं प्लॅस्टिकचं बूच. दोन्ही उघडण्यापूर्वी हीटर बंद, पाणी बंद, टाकी गार, आणि सुरक्षा झडप उचलून दाब काढलेला. घाई केली तर उकळतं पाणी थेट अंगावर. आणि टाकी रिकामी असताना विजेचा रॉड चालू केला, तर तो काही क्षणांत जळतो.

गॅसची शेगडी मिणमिणते, फ्रीज पेटत नाही, मग रेग्युलेटर बदलायचा का? आधी टाकीची झडप पूर्ण बंद करा, जरा थांबा आणि अगदी सावकाश उघडा. झपकन उघडली की आतला अटकाव समजतो, पाइपच फुटला, आणि गॅस चिंचोळा करून टाकतो. तो चुकत नाही, घाई करणाऱ्याला फुटलेला पाइप समजतो इतकंच. जनरेटर सुरू होत नाही? इंधनाचा काटा बघा. बहुतेक गाड्यांत जनरेटरची नळी टाकीच्या तळापर्यंत मुद्दामच नेलेली नसते. पाव टाकी उरली की तो थांबतो, म्हणजे एसीच्या नादात माणूस वाळवंटात अडकू नये. जनरेटरला महिन्यातून एकदा निम्म्या भारावर दोन तास चालवावं, नाही तर कार्बुरेटरमधलं पेट्रोल चिकट होऊन बसतं. गॅसवर चालणारा फ्रीज तर तिरप्या गाडीचा शत्रू. त्यात कॉम्प्रेसर नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचं चक्र ज्योतीच्या आचेवर आणि उताराच्या भरवशावर फिरतं. गाडी तिरपी उभी राहिली की चक्र तुंबतं. थंड होत नाही म्हणून त्याला दूषण देण्याआधी जमिनीवर लेव्हल ठेवून बघा. पाठीमागच्या जाळीतून पिवळी भुकटी आणि अमोनियाचा वास आला, तर मात्र संशय महागच.

काळ्या टाकीबद्दल, म्हणजे संडासाच्या, तीनच वाक्यं. तिची झडप कॅम्पग्राउंडमध्ये उघडी ठेवली तर पाणी निघून जातं आणि उरलेलं गोवरीसारखं वाळतं. निदान दोन तृतीयांश भरल्यावर उघडावी आणि तिच्यामागून सांडपाण्याची टाकी सोडून पाइप धुवावा. भरल्याचे दिवे खोटं बोलतात, कारण सुईला कागद चिकटलेला असतो, आणि त्यासाठी कुणाला बोलावणं हास्यास्पद आहे.

हा स्वस्तपणा काही ठिकाणी मात्र सोडून द्यायचा. गाडीतले दोन भोंगे ओळखून ठेवावेत. एक छताजवळ, धुराचा. दुसरा जमिनीजवळ, गॅसचा, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. वरचा बोंबलला तर बहुधा मोहरीची फोडणी. खिडकी उघडली की गप्प बसतो. खालचा बोंबलला तर एकही बटण न दाबता गॅस बंद, दारं उघडी, माणसं बाहेर. केसांच्या स्प्रेनेही तो ओरडतो खरा, पण ते बाहेर उभं राहून ठरवावं. त्याचं आयुष्य पाच ते सात वर्षं. तारीख पाठीवर असते.

कॅम्पग्राउंडच्या खांबावरचा वीजजोड हेही तसलंच. ३० अँपियरचा प्लग तीन पिनांचा, एकाच १२० व्होल्टच्या तारेवर चालणारा. ५० अँपियरचा चार पिनांचा, त्यात १२० च्या दोन तारा. ३० चा जोड नुसता वरवर बघून कुणी घरगुती वायरमनने त्यात २४० सोडले, तर गाडीतली निम्मी उपकरणं एका क्षणात जातात. म्हणून प्लग लावण्याआधी खांबावर तपासणारा सर्ज प्रोटेक्टर लावायचाच. जुलैच्या दुपारी सगळ्या रांगेने एसी लावले की व्होल्ट खाली येतात. १०५ च्या खाली गेले तर एसी बंद करून पंख्यावर भागवावं, कॉम्प्रेसर त्याहून महाग पडतो.

छप्पर. कोकणात मिरगाआधी कौलं चाळतात, तसं इथे दर तीन महिन्यांनी शिडी चढायची. रबरी किंवा प्लॅस्टिकच्या छताला भोकं पाडूनच पंखे, एसी, अँटेना बसवलेले असतात, आणि प्रत्येक भोकाभोवतीचं सीलंट उन्हाने तडकतं. सपाट जागेसाठी आपोआप पसरणारं लॅप सीलंट, उभ्या कडांसाठी न ओघळणारं. जुनं घट्ट बसलेलं असेल तर ते सगळं खरवडायची गरज नाही. अल्कोहोलने पुसून त्यावरच नवं द्यावं. सिलिकॉन मात्र नको. ते निघतं, त्याचा तेलकट थर उरतो आणि पुढे त्यावर काहीच चिकटत नाही. आत डाग दिसतो ती जागा आणि छतावरचं भोक यांत चार-पाच हातांचं अंतर असू शकतं. पाणी तुळईवरून चालत जातं. त्यामुळे डागाच्या वरच सीलंट थापणारा पुन्हा पुढच्या पावसात डागापाशीच उभा.

टायरच्या नक्षीची खोली बघून समाधान मानणारे तर पुष्कळ. मोटरहोमचा टायर झिजून क्वचितच मरतो, उन्हात उभा राहून म्हातारा होतो. त्याच्या कुशीवर डॉटच्या, म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या, क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मपत्रिका: २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत, सातव्या वर्षी नक्षी नवी दिसली तरी निरोप द्यावा. मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची हवा मीटर लावूनच मोजायची. ते फुटलं की नुसतं फुटत नाही, वरच्या वायरी आणि पाइप फटकारून नेतं. बऱ्याच मोटरहोमना स्टेपनीच नसते, हे टायर फुटल्यावर कळू नये.

जे हाताबाहेर जाईल ते गॅरेजला. तिथेही घर-गाडीची फाळणी आडवी येते: ट्रकवाल्यांचं गॅरेज उंच असतं, पण फ्रीजला हात लावत नाही, आरव्हीवाले, म्हणजे राहत्या गाड्यांचे मेकॅनिक, फ्रीज करतील, ब्रेकला नाही. फोनवर विचारायच्या गोष्टी वेगळ्याच असतात. रात्री गाडी आवारात राहील का, आत माणसं झोपली तर चालेल का, वीजजोड मिळेल का. नाही म्हणाले, तर फिरता मेकॅनिक बोलवावा. येण्याचे वेगळे पैसे घेतो, पण घर घरीच राहतं. सुटा भाग मागवायचा तर पत्ता कुठला? पुढच्या गावच्या पोस्टात जनरल डिलिव्हरी लिहून. ओळखपत्र दाखवून पार्सल मिळतं, फक्त पाठवणाऱ्याने सरकारी टपालानेच पाठवायला हवं.

सगळं आवरून दिवे मालवले की मध्यरात्री पंप एकदाच गुर्र करतो. नळ कुणीही उघडलेला नसतो. टिश्यूचं खोकं ओट्यावर असतं. अंधारात चाचपडत चार कागद ओढायचे, ओट्याखाली, संडासामागे, हीटरपाशी, पंपाच्या गाळणीखाली एकेक सरकवायचा, आणि परत रजईत.