कमानींखालची दुपार

आज लंडनच्या बर्मंडसीत दुपारभर पायी फिरलो. १८३६ साली सुरू झालेल्या रेल्वेमार्गाच्या विटांच्या कमानी आणि त्यांत एकापाठोपाठ एक छोट्या ब्रुअरीज, म्हणजे बीअर बनवायचे कारखाने. 'द कर्नेल' २००९ची. बाटलीवर साधा तपकिरी कागद, पण आतली स्टाउट (भाजलेल्या धान्याची गडद बीअर) १८९०च्या लंडनच्या कृतीवरून केलेली: काळीभोर, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी खमंग कडवट! घोट घोळवत होतो, तेवढ्यात डोक्यावरून गाडी धडधडत गेली आणि ग्लासातला फेस थरथरला.

पुढच्या कमानीत काउंटरवरच्या मुलीनं भाजलेल्या बार्लीचे चार दाणे तळहातावर ठेवले, "चावून बघा" म्हणाली. थेट आजीच्या खापरातली भाजकी ज्वारी आठवली. अर्धा अर्धाच पिंट घेत होतो, म्हणून चव शेवटपर्यंत लागली. निम्म्या कमानी राहिल्यात. पुढच्या शनिवारी परत जाणार.