पाव भाग, पण कशाचा?

गेली काही वर्षे मी संध्याकाळी शेजारच्या मुलांना गणित शिकवते आहे. शाब्दिक उदाहरणाशी अडणाऱ्या बहुतेक मुलांचे घोडे आकडेमोडीपेक्षा वाक्यातच अडलेले असते, असे माझे ठाम मत झाले आहे.

‘मीनाकडे 24 चिंचोके होते. त्यांपैकी 1/3 तिने भावाला दिले आणि उरलेल्यांपैकी 1/4 मैत्रिणीला दिले, तर तिच्याकडे किती उरले?’ पाचवीतल्या एका मुलीने 24 चा तिसरा भाग 8 आणि चौथा भाग 6 काढून उत्तर 10 लिहिले. दोन्ही भागाकार बिनचूक होते. मी उत्तरावर फुली मारली नाही; डब्यातले 24 चिंचोके तिच्यापुढे ओतले आणि उदाहरण पुन्हा मोठ्याने वाचायला सांगितले. तिने आठ बाजूला सारले, पुढचे वाक्य वाचले, आणि चौथा भाग करण्यासाठी ते आठ परत ओढायला पुढे केलेला हात तिथेच थांबला. ‘हे तर भावाकडे गेले,’ ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने 16 चे चार वाटे केले, एक वाटा काढला आणि उरलेले 12 मोजले.

अपूर्णांक हा नेहमी कशाचा तरी भाग असतो, आणि ते ‘कशाचा’ मराठीत ‘चा’, ‘पैकी’, ‘तला’ एवढ्याशा अक्षरांत दडलेले असते. म्हणूनच ‘एकूण आले की बेरीज, उरले की वजाबाकी’ हा सर्रास सांगितला जाणारा नियम मला घातक वाटतो. ‘3 पेरू दिल्यावर 5 उरले, तर आधी किती होते?’ यात ‘उरले’ असूनही बेरीजच करावी लागते.

दुसरी अडचण वाचनाची आहे. 3/4 हे शाळेत ‘तीन छेद चार’ असे वाचले जाते. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटे आणि पाऊण किलो म्हणजे 750 ग्रॅम हे तेच मूल घरी सहज जाणते, पण दोन्ही एकच आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे, पाठ करून घेत असत. त्या पाठांतराकडे परत जावे असे मी म्हणणार नाही, परंतु सव्वा, दीड, अडीच हे शब्द वर्गात हक्काने यायला हवेत. ‘पावणेदोन’ या शब्दातच दोनाला पाव कमी, ही वजाबाकी करून ठेवलेली आहे.

हल्ली मी मुलांकडूनच उदाहरणे रचून घेते. त्या मुलीने काल लिहिले, ‘आईने पाऊण किलो शेंगदाणे आणले. त्यांतल्या अर्ध्यांचा कूट केला, तर किती ग्रॅम शेंगदाणे उरले?’ ‘त्यांतल्या’ या शब्दाखाली तिने आपणहून रेघ मारली होती.